देशादेशांतल्या मासळीच्या मोलाची तुलना: टनामागचा सरासरी भाव पुरत नाही, मग काय मोजायचं?

प्रश्न असा आहे: व्यावसायिक मासेमारीतून येणाऱ्या ताज्या मासळीचं मोल एका देशातून दुसऱ्या देशाशी कसं ताडून पाहायचं? प्रश्न विचारणाऱ्यांनी प्रत्येक देशात उतरलेल्या एकूण मासळीची किंमत डॉलरमध्ये घेतली, तिला टनांनी भागलं आणि आलेल्या आकड्यांवरून देशांचा क्रम लावला. काही देश इतरांपेक्षा पाचपट, दहापट महाग निघाले. तिथल्या मच्छीमाराला खरंच त्याच माशाचे पाचपट पैसे मिळतात का, हे त्यांना समजून घ्यायचं आहे.

नाही, या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. उतरलेल्या मासळीच्या नोंदी, लिलावाचे भाव आणि कस्टम्सचे तक्ते एकमेकांशी जुळवणं हेच माझं काम आहे, आणि त्या अनुभवावर मी ठामपणे सांगतो: देशाचा किलोमागचा सरासरी भाव सर्वात आधी त्या देशाच्या जाळ्यात काय येतं ते सांगतो. भाव कुठे नोंदला, वजन कोणत्या अवस्थेतलं आहे, विकणारा आणि घेणारा एकच आहे का, चलन कोणत्या दराने बदललं, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. मच्छीमाराला त्या माशाचा बरा भाव मिळतो का, हा भाग त्यात असतो, पण बाकीच्या गोष्टींखाली दबलेला.

एक काल्पनिक हिशोब करून बघा. 'अ' देशात उतरलेल्या मासळीपैकी 90 टक्के लहान, कळपाने फिरणारी मासळी आहे आणि 10 टक्के कॉड, म्हणजे थंड समुद्रातला एक मोठा मासा. लहान मासळीला किलोला 0.30 डॉलर मिळतात, कॉडला 3 डॉलर. सरासरी आली 0.57 डॉलर. 'ब' देशात 20 टक्के लहान मासळी, भाव 0.25 डॉलर, 80 टक्के कॉड, भाव 2.70 डॉलर. सरासरी 2.21 डॉलर. तक्त्यात 'ब' देश जवळपास चौपट महाग दिसतो. प्रत्यक्षात दोन्ही जातींना 'अ' देशात जास्त भाव आहे! आता तोलून बघा. 'अ'ची टोपली, म्हणजे तिथल्या पकडीतलं जातींचं मिश्रण, 'ब'च्या भावाने विकली असती तर किलोला 0.495 डॉलर मिळाले असते, म्हणजे 'अ'चे भाव सुमारे 15 टक्के चढे. 'ब'ची टोपली 'अ'च्या भावाने विकली असती तर 2.46 डॉलर, म्हणजे 'अ' सुमारे 11 टक्के चढा. या दोन गुणोत्तरांचा भौमितिक मध्य काढला की 13 टक्के येतात. यालाच फिशर निर्देशांक म्हणतात, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर अशाच आकड्यात आहे. चौपट स्वस्त वाटणारा देश 13 टक्के महाग निघाला.

खऱ्या जगात हा फरक याहून टोकाचा असतो. पेरूचंच बघा. तिथे अँचोवेटा नावाची, आपल्या मांदेलीच्या जातकुळीतली मासळी एकेका वर्षात लाखो टनांनी निघते आणि तिचा बहुतेक सगळा भाग फिशमील (जनावरांच्या आणि माशांच्या खाद्यात घालायची मासळीची भुकटी) आणि मासळीच्या तेलाच्या कारखान्यात जातो. माणसाच्या ताटात जाणारा हिस्सा अगदी छोटा. तिचा भाव फिशमीलच्या जागतिक भावाशी बांधलेला असतो, आणि बोटी व कारखाने बऱ्याच ठिकाणी एकाच कंपनीचे. अशा देशाची सरासरी शेवंड आणि कोळंबी पकडणाऱ्या देशाच्या सरासरीशेजारी ठेवून काहीच कळत नाही. तुमचा प्रश्न ताज्या मासळीचा आहे, म्हणून फिशमीलला जाणारा माल आधीच वेगळा काढा. ही पहिली चाळणी लावली नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मोजपट्टी म्हणून जगाची सरासरी माहीत असावी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, अंदाजानुसार 2022 साली जगात मासेमारीतून सुमारे 9.1 कोटी टन जलचर प्राणी मिळाले आणि त्यांच्या पहिल्या विक्रीची किंमत सुमारे 157 अब्ज डॉलर होती. म्हणजे किलोला साधारण 1.7 डॉलर. त्याच वर्षी मत्स्यशेतीतून 9.44 कोटी टन आणि सुमारे 296 अब्ज डॉलर, किलोला तीन डॉलरच्या वर. शेतीतली मासळी मुळातच जास्त 'चांगली' असते असा याचा अर्थ नाही. शेतीत कोणी फिशमीलसाठी मासे वाढवत नाही. कोळंबी, सालमन, खेकडे अशा विकाऊ जाती निवडूनच वाढवतात. इथेही टोपलीच बोलते आहे.

आता भाव कुठला घ्यायचा? मासेमारीचं मोल काढायचं तर पहिल्या विक्रीचा, बोटीवरून माल उतरताना मिळालेला भाव. किरकोळ बाजारातला भाव घेतलात तर बर्फ, वाहतूक, दलाली, दुकानाचं भाडं, नासाडी आणि कर यांची तुलना होईल, मासळीची नाही. काही देश दोन्ही पातळ्यांवर आकडे देतात. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था मासळी उतरण्याच्या केंद्रावरची किंमत आणि किरकोळ बाजारातली किंमत असे दोन्ही अंदाज छापते. तक्त्यातून उचलताना त्यातला चुकीचा रकाना उचलला, तर एका देशाचा किरकोळ भाव दुसऱ्याच्या बंदरभावाला भिडवल्यासारखं होतं.

पण 'पहिली विक्री' हीसुद्धा सगळीकडे एकसारखी घटना नाही, आणि हा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. नॉर्वेत 1938 च्या कायद्यापासून पहिल्या विक्रीचा हक्क मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संघटनांकडे आहे. 2013 साली नवा कायदा आला, तरी गाभा तोच राहिला. या संघटना किमान भाव ठरवू शकतात आणि त्याखाली व्यवहार होऊ देत नाहीत. हेरिंग, मॅकरेल (आपल्या बांगड्याच्या जातकुळीतला मासा) अशा कळपाच्या मासळीची विक्री तर बोट समुद्रात असतानाच होते. तांडेल माल किती टन, एका माशाचं सरासरी वजन किती, कुठे पकडला, कसा थंड केलाय हे कळवतो. त्या माहितीवर किनाऱ्यावरचे कारखाने बोली लावतात आणि बोट जिंकणाऱ्याच्या धक्क्याकडे वळते. माल कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो, तरी भाव लागतो, कारण पुढे माल तपासून हिशोब चोख करण्याची शिस्त त्यामागे आहे. असा भाव म्हणजे खऱ्या अर्थाने दोन वेगळ्या पक्षांमधला भाव.

शेजारच्या आइसलँडमध्ये चित्र वेगळं. तिथे कोटा, बोट आणि कारखाना बऱ्याचदा एकाच कंपनीकडे असतात. काही माल लिलावात जातो, पण मोठा हिस्सा कंपनीच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. मग भाव कोण ठरवणार? खलाशांचा पगार मालाच्या किमतीतल्या वाट्यावर ठरतो. भाव कमी लावला की मजुरी कमी होते, आणि त्याच भावावर सरकारचं मासेमारी शुल्क बांधलेलं असेल तर तेही कमी. म्हणूनच तिथे 1998 च्या कायद्याने एक स्वतंत्र कार्यालय नेमलं, ज्याच्याकडे खलाशांच्या वाट्यासाठी धरायच्या मासळीच्या भावांवर नजर ठेवण्याचं काम दिलं. या कार्यालयाने नॉर्वे आणि आइसलँड यांच्यातल्या कळपाच्या मासळीच्या भावांची तुलनाही छापली आहे, आणि मॅकरेलमध्ये नॉर्वेचा भाव आइसलँडपेक्षा बराच वर दिसला.

2025 साली आइसलँडच्या संसदेने मासेमारी शुल्काचा पाया बदलला. कॉड आणि हॅडकसाठी देशातल्या लिलावाचा भाव धरायचा आणि मॅकरेल, हेरिंग, ब्लू व्हायटिंग यांच्यासाठी नॉर्वेतला. नॉर्वेतला भाव आपल्या मालाला लागू होत नाही, असा जोरदार आक्षेप तिथल्या मासेमारी कंपन्यांनी घेतला. देशादेशांतल्या मासळीच्या भावाची तुलना किती खऱ्या पैशाची गोष्ट आहे, हे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आक्षेपात तथ्य किती, हे बघायला मॅकरेलच हातात घ्यावा लागतो. आइसलँडच्या बोटी तो मुख्यतः उन्हाळ्यात पकडतात. तेव्हा मासा उत्तरेकडे चरायला आलेला असतो. पोट खाद्याने गच्च भरलेलं, अंगात चरबी नुकती भरू लागलेली, मांस मऊ. पकडल्यावर पोटातले पाचक रस थांबत नाहीत. थंड करायला उशीर झाला तर पोटाची भिंत आतून विरघळते आणि मासा हाताळताना फाटतो. अशा मालातून अख्खा गोठवलेला उत्तम दर्जाचा मासा निघणं कठीण. डोकं-पोट काढून विकावा लागतो किंवा काही भाग फिशमीलला जातो. नॉर्वेचा मुख्य हंगाम त्यानंतरचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. तोवर मासा चरून झालेला असतो, पोट रिकामं, मांस घट्ट आणि चरबी शिखरावर. जपानसारखी बाजारपेठ नेमका असाच मोठा, चरबीदार मासा मागते. जात एक, समुद्रातला साठाही एक, पण विक्रीला आलेला माल दोन वेगळ्या प्रतीचा.

म्हणून भावातल्या फरकाचा काही भाग प्रतीचा आहे आणि काही भाग विक्रीच्या रचनेचा. माझं मत विचाराल तर सरकार आणि कंपन्या, दोन्ही बाजू अर्ध्याच गोष्टीवर बोट ठेवतात. सगळा फरक हंगामाचा असता, तर एकाच आठवड्यात, एकाच आकाराच्या माशाचे भाव जवळ यायला हवेत. सगळा फरक कंपनीच्या खिशांचा असता, तर हंगाम बदलून काही फरक पडायला नको. ज्याला खरं उत्तर हवं त्याने महिना आणि आकार जुळवून तुलना करावी. उरलेला फरक मग रचनेच्या खात्यात टाकता येतो. वर्षाची सरासरी घेऊन हा वाद सुटणार नाही.

वजनाचा प्रश्न दिसायला किरकोळ, पण आकडे उलटेपालटे करणारा. एफएओ देशांचे पकडीचे आकडे जिवंत वजनात मागते, म्हणजे मासा पाण्यातून निघाला तेव्हाचं अख्खं वजन. धक्क्यावर मात्र कॉड बहुधा पोट काढून उतरतो, कधी डोकंही कापलेलं असतं. युरोपीय महासंघाच्या नियमांत पोट काढलेल्या ताज्या कॉडचं वजन 1.17 ने गुणून जिवंत वजन काढतात. नॉर्वेत डोकं आणि पोट दोन्ही काढलेल्या कॉडसाठी गुणक 1.5 आहे, आणि तिथला भाव बहुधा त्याच अवस्थेतल्या किलोचा सांगतात. समजा भाव किलोला 45 क्रोनर असेल, तर जिवंत वजनाच्या किलोला तो 30 क्रोनर पडला. शेजारच्या रकान्यात पोटासकट कॉडचा भाव असेल आणि तुम्ही 45 आकडा तसाच ठेवलात, तर दीडपट फरक तुम्हीच निर्माण केला.

याहून मोठी गफलत शिंपल्यांत होते. अमेरिकेच्या अधिकृत आकडेवारीत स्कॅलपसारख्या शिंपल्यांचं वजन नुसत्या मांसाचं धरतात, कवच सोडून. एफएओच्या तक्त्यात तेच कवचासकट येतं, आणि अटलांटिकच्या स्कॅलपसाठी हा गुणक आठच्या वर आहे. मॅसॅच्युसेट्समधलं न्यू बेडफर्ड हे बंदर गेली अनेक वर्षं किमतीच्या हिशोबाने अमेरिकेत पहिलं आहे, ते मुख्यतः या स्कॅलपमुळे. टनांच्या हिशोबाने पहिलं असतं अलास्कातलं डच हार्बर, जिथे पोलॉक नावाचा स्वस्त मासा उतरतो. 2022 साली अमेरिकेत 8.4 अब्ज पौंड माल उतरला, किंमत 5.9 अब्ज डॉलर. म्हणजे किलोला साधारण दीड डॉलर. एकाच देशातली ही दोन बंदरं एकमेकांशी ताडून पाहिली तरी सरासरी कशी बनते ते कळतं, दुसऱ्या देशापर्यंत जावंच लागत नाही.

'ताजी' मासळी हवी म्हणून बरेच जण कस्टम्सच्या आकड्यांकडे वळतात, कारण तिथे वर्गवारी तयार असते. आंतरराष्ट्रीय कोडपद्धतीत 0302 म्हणजे ताजी किंवा थंड केलेली मासळी, 0303 गोठवलेली, 0304 फिले (काटा काढलेले काप) आणि मांसाचे तुकडे, 0306 आणि 0307 कवचवाले आणि मृदुकाय प्राणी. सोयीचं आहे, पण तुमच्या प्रश्नासाठी इथे मोठा खड्डा आहे. सहा अंकी कोड मासा समुद्रातून पकडला की पिंजऱ्यात वाढवला हे सांगत नाही. नॉर्वेची 2023 सालची मासळी निर्यात सुमारे 172 अब्ज क्रोनर होती आणि त्यात सालमनच 122 अब्जांच्या वर. हा सालमन शेतीतला, आणि मोठ्या प्रमाणात ताजाच जातो. म्हणजे नॉर्वेच्या 0302 चा आकडा तुम्ही 'मासेमारीतली ताजी मासळी' म्हणून धरलात, तर तुम्ही मत्स्यशेतीचा भाव काढलात. स्वीडनचे निर्यातीचे आकडे तर अजून चक्रावणारे: नॉर्वेचा माल ट्रकने स्वीडनमध्ये येतो आणि तिथून पुढे युरोपात जातो, त्यामुळे स्वतःच्या पकडीशी काहीही प्रमाण नसलेली निर्यात त्याच्या नावावर दिसते. शिवाय निर्यातीची किंमत बंदरावर माल चढवेपर्यंतची आणि आयातीची किंमत बहुधा विमा-भाडं धरून लिहिलेली असते. ताजी मासळी विमानाने जाते, तेव्हा हे भाडं बारीकसारीक राहत नाही. कस्टम्सचे आकडे पडताळणीला वापरा, पायाला नको.

चलनाबद्दल थोडक्यात. 2012 साली एका डॉलरला सुमारे 80 येन मिळत, 2024 साली सुमारे 150. किलोला 500 येन भावाने विकलेला मासा पहिल्या वर्षी 6.25 डॉलरचा आणि दुसऱ्या वर्षी 3.33 डॉलरचा. जपानी मच्छीमाराच्या हातात तेच 500 येन. मासा निर्यातीचा असेल, किंवा डिझेल आणि जाळी परदेशातून येत असतील, तर बाजारातला विनिमय दर योग्य. त्या पैशात मच्छीमाराचं घर किती चालतं हे बघायचं असेल, तर क्रयशक्ती समानतेचा दर लावा, म्हणजे त्या देशात त्या पैशात किती वस्तू येतात हे धरणारा दर. दोन्ही लावून दोन आकडे द्यावेत असं मी सुचवेन, कारण श्रीमंत आणि गरीब देशांतली तुलना या एका निवडीने पालटते. आणि एका वर्षाचा आकडा नको, निदान तीन वर्षांची सरासरी.

एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये याची आणखी कारणं आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियाची शेवंड मासेमारी ही 2000 साली एमएससीचं (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचं) शाश्वततेचं प्रमाणपत्र मिळवणारी जगातली पहिली मासेमारी. तिचा माल जवळपास सगळा जिवंत अवस्थेत चीनला जायचा. 2020 च्या नोव्हेंबरात चीनने दार बंद केलं आणि बंदरावरचा भाव कोसळला. दार पुन्हा उघडलं ते 2024 च्या अखेरीस. समुद्र तोच, प्राणी तोच, बोटी त्याच. मधल्या वर्षांतला ऑस्ट्रेलियाचा भाव बाजारपेठ हातून गेल्याचा भाव होता. उलट्या बाजूला बॅरेंट्स समुद्रातला कॉड: नॉर्वे आणि रशियाने मिळून ठरवलेला एकूण कोटा 2021 साली 8.85 लाख टन होता, 2025 साली 3.4 लाख टनांवर आला. माल आटला तसा किलोचा भाव चढत गेला. फक्त भाव बघणाऱ्याला वाटेल मासेमारीला बरे दिवस आलेत. खरं तर साठा खालावलाय. भावाशेजारी पकडीचा आकडा ठेवल्याशिवाय मी तरी कोणताही निष्कर्ष काढत नाही.

लिलावातल्या विक्रमी बोली तर बाजूलाच ठेवा. 5 जानेवारी 2019 रोजी टोकियोच्या तोयोसू बाजारात 278 किलोचा ब्लूफिन ट्यूना 33.36 कोटी येनला गेला, म्हणजे किलोला बारा लाख येन. नववर्षाच्या पहिल्या लिलावातली ही बोली प्रसिद्धीसाठी असते. त्याच बाजारात त्याच जातीचा मासा पुढच्या आठवड्यात याच्या अगदी लहानशा अंशाला विकला जातो.

आता एक प्रश्न, जो तुमच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही: मासा कोणत्या देशाचा मोजायचा? एफएओ तो बोटीवरच्या झेंड्याच्या नावावर लिहिते. मध्य आणि पश्चिम पॅसिफिकमधला स्किपजॅक ट्यूना किरिबाटी, पापुआ न्यू गिनी, मायक्रोनेशिया अशा देशांच्या हद्दीत पकडला जातो. पकडणाऱ्या बोटींमध्ये जपान, दक्षिण कोरिया, तैवान, अमेरिका यांचे झेंडे असतात, आणि माल बराचसा थायलंडमधल्या, मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांकडे जातो. बँकॉकचा भाव हाच या मालाचा मापदंड. झेंड्याने मोजलं तर मोल एकाचं, हद्दीने मोजलं तर दुसऱ्याचं, बंदराने मोजलं तर तिसऱ्याचं. या भागातल्या देशांची फोरम फिशरीज एजन्सी हद्दीनुसार आणि ताफ्यानुसार असे वेगळे तक्ते देते, ही पद्धत सगळीकडे असायला हवी होती. याच भागातले, नाउरू करारातले आठ देश परदेशी बोटींकडून मासेमारीच्या दिवसागणिक पैसे घेतात. 2015 पासून किमान दर दिवसाला 8,000 डॉलर. किरिबाटीच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा यातून येतो. अशा देशासाठी 'मासळीचं मोल' विचारताना बंदरावरचा भाव आणि हद्दीचं शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाटाघाटीच्या टेबलावर पहिल्यावरूनच दुसरं मागितलं जातं. म्हणूनच हा हिशोब नीट व्हावा असं मला मनापासून वाटतं: भाव कमी दाखवला गेला, तर एका लहान देशाच्या तिजोरीत कमी पैसे पडतात.

बऱ्याच देशांकडे जातीनिहाय भाव नाहीतच. पकडीचं वजन जवळपास सर्वांचं मिळतं, किंमत मोजक्यांची. ही पोकळी भरायला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या राशिद सुमैला आणि सहकाऱ्यांनी 2007 साली बंदरभावांचा जागतिक संग्रह मांडला, आणि 2013 साली त्याच गटाने गाळलेल्या जागा भरण्याची पद्धत बदलली. नवी पद्धत मूळची किंमत-तुलनेच्या शास्त्रातली, रॉबर्ट समर्स यांनी 1973 साली सुचवलेली. कल्पना सोपी आहे: प्रत्येक भाव म्हणजे माशाच्या जातीचा एक परिणाम गुणिले देशाचा एक परिणाम असं मानायचं, मिळालेल्या सगळ्या भावांवरून हे दोन्ही परिणाम काढायचे, आणि जिथे भाव नाही तिथे दोन्ही गुणून अंदाज घालायचा. तुमच्या दृष्टीने यातला देशाचा परिणाम हाच कामाचा आकडा, कारण टोपलीचा फरक त्यातून आपोआप वजा झालेला असतो. एक पथ्य मात्र काटेकोर पाळा: संग्रहातले अंदाजाने भरलेले भाव आधी काढून टाका आणि नोंदलेलेच भाव ठेवा. नाहीतर तुम्ही दोन देश ताडून पाहताय असं वाटेल आणि प्रत्यक्षात गणिताने स्वतःच भरलेल्या जागा स्वतःशी जुळवून पाहत असाल.

आणि हे सगळं नीट जमलं तरी मिळालेला आकडा विक्रीचा आहे, कमाईचा नाही. 2018 साली जगभरात मासेमारीला सुमारे 35.4 अब्ज डॉलर सरकारी अनुदान गेलं असा सुमैला आणि सहकाऱ्यांचा अंदाज आहे, त्यातलं 22.2 अब्ज ताफ्याची ताकद वाढवणारं. स्वस्त डिझेलवर चालणारी बोट कमी भावातही समुद्रावर जाऊ शकते. दोन देशांचे भाव सारखे आले, तरी एका ठिकाणी मच्छीमार आपल्या कमाईवर आणि दुसऱ्या ठिकाणी तिजोरीच्या आधारावर उभा असू शकतो. हा वेगळा हिशोब आहे. त्याची सरमिसळ भावाच्या तक्त्यात करू नका.

तुमच्या जागी मी असतो तर सगळ्या देशांची यादी तूर्त बाजूला ठेवली असती आणि एक जोडी घेतली असती, जिथे जाती जुळतात आणि आकडे उघड मिळतात. नॉर्वे आणि आइसलँड, किंवा डेन्मार्क आणि स्कॉटलंडची बंदरं. युरोपीय आयोगाची युमोफा ही बाजार-वेधशाळा पहिल्या विक्रीचे भाव जातीनिहाय आणि महिन्यानिहाय देते. ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना आणि युरोस्टॅट हे युरोपीय महासंघाचं सांख्यिकी कार्यालय उतरलेल्या मालाचं वजन आणि किंमत देतात. कॉड आणि हॅडक या दोनच जाती घ्या, जिवंत वजनात आणा, आकाराचे गट जुळवा, महिने जुळवा, तीन वर्षं घ्या, दोन्ही टोपल्यांनी तोला. प्रत्येक आकड्याशेजारी चार शब्द लिहून ठेवा: कोणत्या अवस्थेतलं वजन, विक्री लिलावातली की कंपनीअंतर्गत, झेंडा कोणाचा, चलनाचा दर कोणता. या दोन जातींचं उत्तर पटण्याजोगं आलं की हेरिंग घ्या, पण फिशमीलला गेलेलं हेरिंग वेगळं काढल्यावरच.